दवाखान्याच्या पाटीवर नंबर कुठे आहे?

माझी आत्या धरमतर खाडीच्या काठावरच्या एका गावात राहते. वय पासष्टच्या पुढे. उभा जन्म खारजमिनीत भाताची लावणी करण्यात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर राबण्यात गेला. २०२३ च्या पावसाळ्यात, लावणी उरकत आली होती त्या दिवसांत, तिला सणकून ताप भरला. रात्री साडेदहाला आतेभावाने तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून नाक्यावरच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नाडी धरली, "व्हायरल आहे" म्हणाले, कमरेत एक सुई दिली, एक बाटली चढवली आणि तीन रंगांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. साडेपाचशे रुपये झाले. जवळ तीनशे होते, अडीचशे बाकी राहिले. डॉक्टर त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आत्याने त्यांना तोंडभर आशीर्वाद दिले.

आठव्या दिवशी सुईच्या जागेवर गाठ आली. दहाव्या दिवशी ती लिंबाएवढी झाली, आत्याला कूस बदलता येईना. पेणला सरकारी रुग्णालयात नेले तेव्हा तेथील डॉक्टरीण बाईंनी आधी रक्त तपासले. साखर इतकी वाढलेली होती, की त्यांनी पुन्हा एकदा तपासून पाहिली. मग गाठ कापून पू काढला. सतरा दिवस रोज पट्टी बदलण्यासाठी येणे-जाणे करावे लागले. आतेभाऊ कंत्राटी कामगार आहे, त्याचे तेवढे रोज बुडाले.

आता मुद्दा असा, की त्या नाक्यावरच्या दवाखान्यात आत्या गेली बारा वर्षे जात होती. बारा वर्षांत तिची साखर एकदाही तपासली गेली नव्हती. आणि त्या रात्री चढवलेली बाटली मिठाच्या पाण्याची होती की साखरेच्या, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही.

व्हाउचर नाही, तर जमाखर्च कसला?

मी पेशाने कारकून आहे, बी.कॉम. झालेला. आमच्या कचेरीत चहाच्या दहा रुपयांनाही व्हाउचर लागते. म्हणून तक्रार करायची ठरल्यावर मी सवयीने पहिला प्रश्न विचारला, "कागद कुठे आहे?" केस पेपर नाही. चिठ्ठी नाही. पावती नाही. पुडीवर औषधाचे नाव नाही. साडेपाचशे रुपयांचा व्यवहार झाला, एका माणसाच्या शरीरात दोन ठिकाणी सुई गेली, आणि त्याचा पृथ्वीतलावर एकही पुरावा नाही!

मग मी दवाखान्याची पाटी वाचायला गेलो. पाटीवर डॉक्टरांचे नाव मोठ्या अक्षरात, त्यापुढे लहान अक्षरात पदवी (तीही पावसाने निम्मी गेलेली), वेळ आणि तांबडा क्रॉस. जाता जाता सांगतो, हा पांढऱ्यावरचा तांबडा क्रॉस डॉक्टरांची खूण नव्हेच. तो रेड क्रॉस संस्थेचा आणि युद्धातील वैद्यकीय पथकांचा आहे, आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने इतरांना तो वापरण्याची मनाई आहे. पण आपल्या तालुक्यात रिक्षावाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे तो रंगवतात. असो. जे पाटीवर असायला हवे होते ते नव्हते. ते म्हणजे नोंदणी क्रमांक.

वाचकांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २००२ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम केले. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू राहिले. त्या नियमांत लिहिले आहे, की डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावला पाहिजे आणि प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर, पैशाच्या पावतीवर छापला पाहिजे. दाखल केलेल्या रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवली पाहिजेत आणि रुग्णाने मागितली तर बहात्तर तासांच्या आत दिली पाहिजेत. औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहिले पाहिजे. हे नियम ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी आहेत. ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेले असतात. आयुर्वेदाच्या डॉक्टरांची परिषद वेगळी, होमिओपॅथीची वेगळी. तिन्हींचा कारभार मुंबईतून चालतो, आणि नंबर हाती असला तर माणूस खरा की खोटा हे शोधता येते. नंबर नसेल तर शोधणार काय?

वडापावच्या गाडीला परवाना आणि दवाखान्याला?

वडखळच्या नाक्यावर वडापावची गाडी लावायची तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. तेल, पाणी, हात धुणे यासंबंधी नियम आहेत. निरीक्षक येतो की नाही हा भाग वेगळा, पण येऊ शकतो. आता शेजारच्या गाळ्यात दवाखाना घाला. डॉक्टरची स्वतःची नोंदणी हवी, हे खरे. परंतु तो गाळा, ती खाट, ते पाणी, त्या सुया, मदतीला ठेवलेला बारावी नापास कंपाउंडर, यांची दवाखाना म्हणून नोंद करणारा कायदा महाराष्ट्रात नाही.

जेथे रुग्ण दाखल करून घेतात त्या जागेसाठी कायदा आहे, आणि तो बराच जुना आहे: १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. दर तीन वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. पण कित्येक वर्षे तो कपाटातच होता. १९९० च्या सुमारास मुंबईत एक नागरिक उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा महापालिकेला जाग आली. नंतर संशोधकांनी मुंबईतली खाजगी रुग्णालये आतून पाहिली, तेव्हा राहत्या सदनिकांत थाटलेली रुग्णालये, दाटीवाटीने लावलेल्या खाटा आणि प्रशिक्षण नसलेल्या 'नर्स' असे चित्र बाहेर आले. मुंबईत जर असे, तर आपल्या पेण-रोह्याला कोण विचारतो? १४ जानेवारी २०२१ रोजी या कायद्याचे नवे नियम निघाले. त्यानुसार रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे, रुग्णांच्या हक्कांची सनद लावायची आहे, आणि बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हा शेवटचा नियम आपल्या माणसांनी पाठच करून ठेवावा, कारण तो मोडला गेल्याच्या कहाण्या प्रत्येक वस्तीत आहेत.

परंतु खाट नसलेला दवाखाना या कायद्याच्या बाहेर राहतो. केंद्र सरकारने २०१० मध्ये केलेला वैद्यकीय आस्थापना कायदा लहानमोठ्या सर्वच दवाखान्यांना लागू होतो. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, राजस्थान यांनी तो स्वीकारला. महाराष्ट्राने स्वीकारला नाही. "आम्ही आमचा स्वतःचा कायदा करू," असे म्हणून २०१४ च्या सुमारास मसुदा झाला, आणि तो मसुदाच राहिला. शेजारच्या कर्नाटकाने २००७ सालीच आपला कायदा केला, त्यात साधा दवाखानाही येतो. म्हणजे निपाणीला आपला जो पाहुणा राहतो त्याच्या गल्लीतला दवाखाना सरकारदप्तरी नोंदलेला असावा लागतो, आणि इकडे कोल्हापुरात किंवा आपल्या रायगडात नाही. ज्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंग चाचणीविरुद्ध कायदा केला, त्याच महाराष्ट्राची ही गोष्ट आहे.

एक नियम मात्र खाट नसलेल्या दवाखान्यातही शिरतो. तो कचऱ्याचा! २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज आणि सलाईनची नळी तांबड्या पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत आणि काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात टाकल्या पाहिजेत. आपल्या भगिनींपैकी अनेकजणी दवाखान्यांत झाडू-लादीचे काम करतात. सुई टोचते ती त्यांना. म्हणून घरी गेल्यावर त्यांना विचारा, "ताई, तुमच्या दवाखान्यात पांढरा डबा आहे का?" उत्तर मिळेल त्यावरून त्या दवाखान्याची निम्मी परीक्षा होते. २००९ मध्ये गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे काविळीची, हिपॅटायटिस-बीची साथ पसरली आणि अनेक माणसे मेली. काही रुपयांची सिरिंज वाचवली आणि जीव गेले.

बाटलीत असते तरी काय?

येथे थोडे आपल्या बाजूनेही बोलले पाहिजे. आपण डॉक्टरकडे जातो ते सुई घ्यायला. सुई दिली नाही तर "हा काय डॉक्टर!" म्हणून पुढच्याकडे जातो. अशक्तपणा आला, की "ताकदीची बाटली लावा" म्हणून आपणच सांगतो. तर ऐका. अर्धा लिटर मिठाच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. साखरेच्या पाच टक्के बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. बाकी सगळे पाणी. ज्याला उलट्या-जुलाबांनी तोंडावाटे काही राहत नाही, ज्याचे रक्त गेले आहे, जो बेशुद्ध आहे, त्याला ही बाटली जीवदान देते. बाकीच्यांना घरातली पेज, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी तेच काम करते, तेही शीर न टोचता. आणि साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या बाईला न तपासता पाच चमचे साखर थेट शिरेत गेली तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर व्हावे लागत नाही.

हे मी आत्याला समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "तू शिकलास, तुला कागद लागतो. मला त्या रात्री सुई लागत होती. पेणला न्यायला रात्री साडेदहाला कोण आला असता रे बाबा? तू तर फोन उचलला नव्हतास."

मी फोन उचलला नव्हता, हे खरे आहे.

हात न लावता केलेली तपासणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या टिपणांत काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाच्या पत्नीची हकीकत दिलेली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले गेले होते. बाळंतीण आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, फीचे दोन रुपये ठरले, तेव्हा तो वस्तीबाहेर येऊन उभा राहिला. दोन दिवसांच्या त्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. नंतर तो पुन्हा आला नाही. ती बाई मेली.

आपल्या पिढीने तो काळ पाहिला नाही. आज नाक्यावरचा डॉक्टर कोणाला जात विचारत नाही. पण ती हकीकत मी अलीकडे पुन्हा वाचली आणि माझ्या मनात आले, की माणसाला नीट तपासणे म्हणजे तरी काय? पोटाला हात लावून पाहणे, छातीला नळी लावणे, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहणे, रक्तदाब घेणे, "आधी कोणता आजार होता का? कोणत्या औषधाची ॲलर्जी?" असे विचारणे. रांगेतल्या चाळीस माणसांना प्रत्येकी दोन मिनिटांत सुई देऊन वाटेला लावणे, यात आणि त्या लांबून पाहिलेल्या पाऱ्यात किती अंतर आहे? अंतर आहे, मी अतिशयोक्ती करत नाही. पण ते वाटते तेवढे मोठे नाही.

कायद्याने आजवर काय दिले

डॉक्टरच्या चुकीबद्दल न्यायालयात जाता येते, हे कोकणाला फार पूर्वीपासून माहीत आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुण मुलाचे मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरने फळ्या बांधून दिल्या आणि टॅक्सीने सुमारे अकरा तास प्रवास करून त्याला पुण्याला नेले. तेथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढले गेले, आणि ९ मे रोजी मुलगा गेला. बापाने दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ साली लागला. पंधरा वर्षांनी, भरपाई तीन हजार रुपये. परंतु त्या निकालात डॉक्टरची कर्तव्ये स्पष्ट सांगितली गेली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता द्यावा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष देताना, तिन्ही वेळी वाजवी काळजी घेतली पाहिजे. आजही खटल्यांत त्याचाच आधार घेतात.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची फी देऊन घेतलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे ठरवले. त्यानंतर साध्या माणसाला दार उघडले. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतो तेथे मात्र तो कायदा लागत नाही. आता २०१९ चा नवा ग्राहक कायदा आहे. आपल्या जिल्ह्याचा आयोग अलिबागला बसतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य आहे. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र पैसे दिल्याचा आणि उपचार घेतल्याचा पुरावा लागतो. येथेच आमच्या आत्याचे प्रकरण अडले.

दुसरा निकाल १९९६ चा, मुंबईचा, पूनम वर्मा यांचा. त्यांच्या पतीला १९९२ च्या जुलैत ताप आला. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली, आधी व्हायरल म्हणून आणि मग टायफॉइड म्हणून, आणि पती दगावले. न्यायालयाने सांगितले, की जी शाखा शिकलेली नाही त्या शाखेचा उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे. तीन लाखांची भरपाई द्यायला लावली.

यावर कोणी म्हणेल, मग आपल्याकडचे निम्मे दवाखाने बंद होतील! गोष्ट तितकी सरळ नाही. आयुर्वेदाच्या पदवीधरांना महाराष्ट्र सरकारने १९९२ च्या आदेशाने, शिकलेल्या मर्यादेपर्यंत, आधुनिक औषधे देण्याची मुभा दिलेली आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम ठेवला गेला. तो पूर्ण केलेल्यांची नोंद मेडिकल कौन्सिलने करावी यावरून २०२५ मध्ये मोठा वाद झाला, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मोठ्या शहरांतली मंडळी भांडत राहतात. इकडे खाडीकाठी एम.बी.बी.एस. डॉक्टर दवाखाना घालायला येत नाही, ही वस्तुस्थिती कोणी बदलत नाही.

डॉक्टर विहारात आले

मी संबंधित कार्यालयाला लेखी अर्ज दिला. शिक्क्याची पोच मिळाली. त्यापुढे काही घडले नाही. मग एका रविवारी आम्ही विहारात बैठक ठेवली, आणि सर्वांना आश्चर्य वाटले, कारण ते नाक्यावरचे डॉक्टर स्वतःहून आले. कोणीतरी त्यांना सांगितले असावे.

एकदोन तरुण तावातावाने उठले. मी त्यांना खाली बसवले. डॉक्टरला मारहाण करून कोणाचा ताप उतरलेला नाही, आणि २०१० पासून त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. डॉक्टरांनी आपले प्रमाणपत्र दाखवले. ते बोगस नव्हते. होमिओपॅथीची पदवी खरी, नोंदणी खरी. "तो एक वर्षाचा कोर्स मी केलेला नाही," हे त्यांनी विचारण्याआधीच सांगितले. मग म्हणाले, "मी चौदा वर्षे इथे आहे. तुमच्यापैकी अर्ध्या घरांकडे माझी बाकी आहे, वही दाखवू? मी उद्या बंद करतो. रात्री कोणाकडे जाल ते सांगा."

कोणी काही बोलले नाही. मग मागे बसलेल्या एका वयस्कर काकूंनी विचारले, "डॉक्टर, बंद कशाला करता? साखर तपासायचं मशीन केवढ्याला येतं?"

मला वाटते त्या बैठकीत यापेक्षा शहाणा प्रश्न कोणी विचारला नाही. माझ्या अर्जातही तो नव्हता.

खोट्या पदवीचा माणूस असता तर मी हे लिहिले नसते. त्याच्याविरुद्ध २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे, राज्याचा १९६१ चा कायदाही आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पण आपल्या भोवतीचे बहुतेक दवाखाने खऱ्या-खोट्याच्या मधल्या पट्ट्यात आहेत. त्यांना सुधारायला भाग पाडणारी व्यवस्था हवी, आणि ती सरकारने उभी केलेली नाही. इंग्लंडात एक डॉक्टर स्वतःच आपल्या रुग्णांना मारत होता, २००० साली त्याला पंधरा खुनांबद्दल शिक्षा झाली. त्या धक्क्यानंतर तेथे नियम कडक झाले, आणि २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरला दर पाच वर्षांनी आपण अजून योग्य आहोत हे दाखवून द्यावे लागते. गल्लीतल्या दवाखान्याची तपासणी होते आणि त्याचा निकाल दवाखान्यातच लावावा लागतो. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलच्या डॉक्टरांना पाच वर्षांत शिक्षणाचे तीस गुण मिळवावे लागतात. ते परिषदांना हजेरी लावून मिळतात. दवाखान्यात डोकावायला कोणी येत नाही.

सरकारी रुग्णालये तरी सुरक्षित आहेत का, असा प्रश्न बैठकीत निघाला. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा तान्ही बाळे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयातही आग लागली आणि माणसे दगावली. तेव्हा नियम सर्वांनाच हवेत, खाजगीला आणि सरकारीलाही.

महाडचा डॉक्टर

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण द्यायचे राहिले. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातले. १९७६ साली ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, मोठ्या संख्येने मरत. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून दर तासाला काय होते ते वहीत लिहून ठेवले. त्या नोंदींतून प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे त्यांनी दाखवले, आणि १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आले. एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर जगाला शिकवू शकला, कारण त्याने तपासले आणि लिहून ठेवले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्याच बावस्करांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून बाराशे रुपयांचा धनादेश आला. रुग्ण पाठवल्याबद्दल कट! त्यांनी तो परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. त्यावर बरीच चर्चा झाली. २०१७ मध्ये सरकारने समिती नेमून कट-प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही करून घेतला. तोही मसुदाच राहिला. महाराष्ट्रात मसुद्यांना आयुष्य फार.

आमच्या बैठकीनंतर काय झाले ते सांगून थांबतो. दोन महिन्यांनी नाक्यावरच्या दवाखान्याची पाटी नव्याने रंगली. नोंदणी क्रमांक आला, 'होमिओपॅथी' हा शब्द पूर्ण आला. क्रॉस तसाच आहे, फक्त हिरवा झाला. साखर तपासायचे मशीन आले, त्याचे तीस रुपये घेतात. सुया कमी झाल्या म्हणतात, त्यामुळे काही लोक पुढच्या गावच्या दवाखान्यात जाऊ लागले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. वस्तीत पाच घरांनी मिळून एका रिक्षावाल्याशी ठरवले आहे, रात्री कधीही पेणला नेईल, पैसे पगाराला.

परवा आत्या त्याच डॉक्टरकडे जाऊन आली. माझ्याकडे येऊन तिने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "घे, तुझा कागद," म्हणाली. तारीख होती, नंबर छापलेला होता, रक्तदाब आणि साखर लिहिलेली होती. खाली औषधांच्या तीन ओळी होत्या. मी चश्मा काढून वाचल्या, चश्मा लावून वाचल्या, खिडकीपाशी नेऊन वाचल्या. शेवटी दोघेजण ती चिठ्ठी घेऊन मेडिकलवाल्याकडे गेलो. तोही बराच वेळ बघत उभा राहिला.